झाडं लावायला माणसं भरपूर येतात, ती जगवायच्या महिन्यात कुठे असतात?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी जूनचा पहिला आठवडा आला की आपल्या पेपरच्या शहराच्या पानावर वृक्षारोपणाच्या बातम्या सुरू होतात. फोटोत एक खड्डा, एक रोप आणि त्या रोपाला हात लावून उभी असलेली आठ-दहा माणसं. त्या माणसांबद्दल मला वाईट काहीच बोलायचं नाहीये, सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर उठून कोणी मातीत हात घालायला येतं ही चांगलीच गोष्ट आहे. पण मी वारजे भागातल्या एका सामुदायिक फळबागेत बरीच वर्षं स्वयंसेवक म्हणून काम करतेय आणि आता हे लिहायलाच हवं असं वाटायला लागलंय, की पुण्यात झाडांसाठी वेळ द्यायला तयार असलेली माणसं खूप आहेत, फक्त ती सगळी एकाच महिन्यात येतात आणि तो महिना बहुतेक वेळा चुकीचा असतो. झाडाला ज्या महिन्यात माणूस लागतो त्या महिन्यात बागेत चार टाळकी असतात.

आमची बाग काही फार मोठी नाही. सोसायट्यांच्या मधे एक मोकळा तुकडा होता, तिथे राडारोडा टाकला जायचा, आजूबाजूच्या लोकांनी रीतसर परवानगी काढून तो साफ केला, कुंपण घातलं आणि शोभेच्या झाडांऐवजी फळझाडं लावायचं ठरवलं. आता तिथे पेरू, डाळिंब, सीताफळ, अंजीर, चिकू, लिंबू, आवळा, बोर, जांभूळ आहे, केशर आंब्याची थोडी कलमं आहेत, कुंपणाच्या कडेने करवंदं आणि शेवगा. काम करणारे म्हणजे रिटायर्ड मंडळी, काही आयटीवाले, शेजारच्या वस्तीतल्या ताई आणि त्यांची पोरं, आणि आमचे माळीकाका. काका मूळचे पुरंदर तालुक्यातले, तिकडच्या अंजिराला भौगोलिक (जीआय) मानांकन आहे हे आपल्या वाचकांना माहीत असेलच, त्यांच्या घरी अंजीर आणि सीताफळाची बाग, त्यामुळे आम्हाला झाडांचं जे काही कळतं ते बरंचसं त्यांच्याकडून आलंय.

तर जूनपासूनच सुरू करते. पाच जूनला जागतिक पर्यावरण दिन म्हणून सगळ्यांना त्याच आठवड्यात झाड लावायचं असतं. पण पुण्यात मान्सून साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, तोही कधी लांबतो, आणि आला तरी एक-दोन सरी पडून मग चांगली उघडीप मिळते. फळझाडाचं कलम लावायचं ते जमिनीत खोल ओल उतरल्यावर, वाफसा आल्यावर (माती ओली पण चिकट नाही अशी झाल्यावर), म्हणजे जूनचा शेवट नाहीतर जुलै. पाच तारखेला तापलेल्या मातीत लावलं की पाऊस येईपर्यंत ते टँकरच्या पाण्यावर धरून ठेवायला लागतं आणि तोपर्यंत फोटोतली माणसं घरी गेलेली असतात. खड्ड्यांचं तर त्याहून वेगळं, ते एप्रिल-मेमध्येच खणायचे असतात. आंब्याला तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तेवढाच खोल, पेरू-डाळिंबाला दोन-दोन फुटांचा चालतो, मग तो महिनाभर उन्हात तापू द्यायचा म्हणजे मातीतल्या अळ्या, किडी, बुरशी कमी होतात, आणि पाऊस तोंडावर आला की खाली पालापाचोळा, वर चांगली माती आणि कुजलेलं शेणखत मिसळून भरून ठेवायचा. आमच्याकडे खाली सगळा मुरूम, पहार मारली की ठिणगी उडते अशी जमीन. हे काम मेच्या उन्हात सकाळी सहा ते आठ एवढ्याच वेळात होतं आणि त्याला तरुण, दणकट माणसं लागतात, साठीच्या पुढच्या लोकांनी तीन फुटांचा खड्डा किती खणायचा हो.

लावतानाच्या गोष्टी पण सांगायला हव्यात कारण त्या कोणी सांगत नाही. नर्सरीतून कलम येतं तेव्हा त्याच्या जोडावर, म्हणजे वरची काडी खालच्या रोपाला बांधलेली असते तिथे, प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली असते, जोड नीट भरला की ती ब्लेडने उभी चिरून काढायची असते. नाही काढली तर खोड जाड होत जातं आणि पट्टी आत रुतत जाते, वरून झाड हिरवंगार दिसतं आणि मग एखाद्या वळवाच्या वाऱ्यात बरोब्बर तिथेच मोडतं. तो जोड मातीच्या वर राहायला पाहिजे, लोक प्रेमाने भर घालतात आणि जोड गाडून टाकतात. मागे एका कंपनीचा मोठा ग्रुप येऊन आंब्याची कलमं लावून गेला होता, माणसं खरंच चांगली होती, पाऊस पडत असताना थांबून काम पूर्ण केलं त्यांनी. पावसाळा संपल्यावर आम्ही एकेक झाड बघत गेलो तेव्हा बऱ्याच कलमांची पट्टी तशीच, काही कलमं तर काळ्या पिशवीसकट मातीत गेलेली, उकरून बघितलं तर मुळं पिशवीच्या आत गोल गोल फिरलेली. आणि काही ठिकाणी केशरची काडी वाळून गेलेली पण जोडाखालून खुंट जोरात फुटलेला. खुंट म्हणजे ज्या रायवळ, कोयीपासून वाढवलेल्या रोपावर कलम बांधलेलं असतं ते, त्याचे फुटवे वेळच्या वेळी खुडले नाहीत तर ते सगळं अन्नपाणी ओढून घेतात आणि चार-पाच वर्षांनी लोक म्हणतात केशर म्हणून लावला आणि हे काय आलं. त्याच ग्रुपमधली पाच माणसं जरी सप्टेंबरमधल्या एका रविवारी परत आली असती ना, तरी हे सगळं तासाभराचं काम होतं.

आता ज्या कामाचा कधीच फोटो निघत नाही त्याबद्दल. जुलै-ऑगस्टमध्ये पेरूला फळं येतात आणि त्याच वेळी फळमाशी येते. माशी पिकायला आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या आत गर खातात, फळ सडून खाली पडतं, मग अळी फळातून बाहेर येऊन मातीत जाते, तिथे कोष करते आणि काही दिवसांत नवी माशी तयार. म्हणजे झाडाखाली पडलेला प्रत्येक सडका पेरू ही पुढच्या माश्यांची नर्सरी असते. कामगंध सापळे आम्ही लावतो, त्यात मिथाईल युजेनॉलचा वास असतो त्याने नर माश्या येऊन अडकतात, पण फक्त नर. सापळ्याने काम निम्मं होतं, उरलेलं निम्मं म्हणजे रोज, खरंच रोज, खाली पडलेली फळं गोळा करायची आणि दोन फूट खोल खड्ड्यात पुरून टाकायची. चिखल असतो, डास असतात, फळ हातात घेतलं की फुटतं, आत पांढऱ्या अळ्या वळवळत असतात, वास तर विचारूच नका. आमच्याकडे हे काम वस्तीतल्या दोन ताई आणि एक निवृत्त शिक्षिका करतात, सकाळी धुणीभांड्याच्या कामावर जायच्या आधी त्या ताई येऊन घमेलं भरून जातात. मला विचाराल तर अख्ख्या बागेतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे, आणि त्याच वेळी पंधरा ऑगस्टच्या आठवड्यात आम्हाला फोन येतात की आमचे शंभर लोक येतील, झाडं लावायला जागा आहे का. जागा नाहीये हो. जागा असती तरी लावली नसती. पण त्या शंभरातले दहा जण दहा दिवस सकाळी अर्धा तास पेरूखाली वाकले तर हिवाळ्याचा बहार वाचतो.

तसंच गाजरगवत. या गवताची भारतातली सुरुवातीची नोंद १९५० च्या दशकात आपल्या पुण्यातलीच, इथून ते देशभर पसरलं, त्यामुळे मला वाटतं ते उपटायची जबाबदारी पण आपल्यावर जरा जास्तच आहे. ते फुलावर यायच्या आधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटायचं, हातमोजे घालून, कारण अंगाला लागलं की खाज आणि दम्याच्या माणसाला त्याचा फारच त्रास. पांढरी फुलं आल्यावर उपटून काही उपयोग नाही, बी आधीच सांडलेलं असतं. ही संधी पावसाळ्यात थोडे दिवस मिळते आणि नेमका तेव्हा गणपती येतो. गणपतीत कोणी येऊ नये असं मी अजिबात म्हणणार नाही, मी स्वतः घरचा गणपती सोडून बागेत जात नाही, पण गणपतीच्या आधीचे दोन रविवार तरी.

पाणी. यावर मला सविस्तर लिहायचंय कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. लोकांना वाटतं उन्हाळ्यात झाडाला पाणी घालणं म्हणजे पुण्यकर्म. लहान झाडांच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं आहे. पण फळायच्या वयाला आलेल्या पेरूला एप्रिल-मेमध्ये पाणी मुद्दाम तोडायचं असतं, त्याला ताण देणं म्हणतात. ताण दिला की पानं पिवळी पडतात, गळतात, झाड विश्रांतीत जातं, आणि जूनमध्ये पाऊस पडला की नवी फूट येऊन भरपूर कळी धरते, तो मृग बहार. त्याची फळं नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत येतात, थंडीतली, घट्ट, गोड, आणि तेव्हा फळमाशीचा जोर कमी. ताण दिला नाही तर झाड पावसाळ्यात फळतं आणि ती फळं पाणचट, वरून माशी. डाळिंबाचं पण असंच, मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहार, म्हणजे फुलं-फळं धरायचे तीन हंगाम असतात, त्यातला एकच धरायचा, वर्षभर थोडी थोडी फळं घेत राहिलं की झाड दमतं आणि रोगाला बळी पडतं. आम्ही आंबे बहार धरतो, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात ताण, जानेवारीत छाटणी आणि मग पाणी, कारण पावसाळी हवेत तेल्या रोग फार पसरतो. तर होतं काय, उन्हाळ्यात कोणी भला माणूस संध्याकाळी फिरायला येतो, त्याला सुकलेला पेरू दिसतो, त्याचा जीव कळवळतो आणि तो दोन बादल्या ओततो, ताण तुटतो आणि कळी अर्धवट निघते. त्याच्यावर रागवता येत नाही, त्याने मायेनेच केलेलं असतं. शेवटी आम्ही झाडांना कापडाच्या चिंध्या बांधल्या, लाल असेल तर पाणी नको, हिरवी असेल तर जरूर घाला, आणि गेटवर त्याचा बोर्ड लावला. आता शाळेतली पोरंच मोठ्यांना टोकतात की आजोबा, लाल आहे, नका घालू.

आणि जिथे हिरवी चिंधी आहे तिथे मात्र खरंच माणूस लागतो. पहिली तीन वर्षं कलमाची मुळं वरवर असतात, मार्च ते मे हे तीन महिने निघाले तर झाड आपलं. आमच्याकडे बोअरला एप्रिलनंतर पाणी राहत नाही, शेजारच्या एका सोसायटीने त्यांच्या एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं, प्रक्रिया केलेलं पाणी द्यायला सुरुवात केली म्हणून निभावतं, ते ड्रममध्ये भरून कॅनने वाहायचं. प्रत्येक लहान झाडाशेजारी एक मडकं पुरलंय, तळाला बारीक भोक आणि त्यात सुती वात, तोंडावर झाकण, मडकं भरलं की पाणी हळूहळू मुळाशी झिरपत राहतं, वरून ओतलेल्या पाण्यापेक्षा निम्म्यात काम होतं. त्यावर पाचोळ्याचं जाड आच्छादन, पण खोडाला चिकटवून नाही, वीतभर जागा सोडून, नाहीतर खोड कुजतं आणि वाळवी लागते. जाता जाता सांगते, फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हा पुण्यात गल्लोगल्ली पाचोळ्याचे ढीग पेटवलेले दिसतात. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांनी मनाई आहे, पण नियम बाजूला ठेवा, आम्हाला तोच पाचोळा पोत्यांनी लागतो. आपल्या सोसायटीचा पाचोळा जवळच्या बागेला द्या, जाळू नका, एवढं जरी कोणी वाचून केलं तरी या पत्राचं काम झालं.

छाटणी हा अजून एक विषय आहे, लोकांना फांदी कापली की वाईट वाटतं. बोराला तर एप्रिल-मेमध्ये चांगलं खरड छाटावं लागतं कारण बोरं नव्या फुटीवर येतात, छाटलं नाही तर संक्रांतीला बोरन्हाणाला पिटुकली, किडकी बोरं मिळतात. अंजिराची फांदी कापली की चीक येतो, तो हाताला लागला की आग होते म्हणून हातमोजे. डाळिंबाला एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे जाताना कात्री निर्जंतुक करून घ्यायची, नाहीतर आपणच तेल्या पसरवतो. मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट लावायची, एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी, प्लॅस्टिकच्या बादलीत, लोखंडी भांड्यात नाही. आणि आंब्याच्या कलमाला पहिली तीन-चार वर्षं मोहर आला तर तो खुडून टाकायचा म्हणजे झाड आधी अंगाने भरतं. हे करताना दरवेळी कोणीतरी भांडतं, अहो एवढा छान मोहर आलाय आणि तुम्ही तोडताय. मी शांतपणे समजावून सांगते, पण अवघड जातं, कारण ज्याने ते झाड लावलेलं असतं तोच मोहराचा फोटो काढायला आलेला असतो. छाटणीचं काम शिकायला एक हिवाळा पुरतो. त्यानंतर तो माणूस कुठल्याही बागेला उपयोगी पडतो.

आपल्या शहराला या बाबतीत केवढा वारसा आहे हे तरुण मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. गणेशखिंडचं फळ संशोधन केंद्र १८७३ पासूनचं आहे, २०२० मध्ये राज्य सरकारने त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. आज देशभर जो सरदार पेरू लावतात, ज्याला लखनौ-४९ म्हणतात, तो नावाने लखनौचा पण निवडला गेला इथे गणेशखिंडला, १९२७ मध्ये, फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा यांनी अलाहाबाद सफेदा पेरूतून. गणेश डाळिंब पण त्यांनीच १९३६ मध्ये इथेच आळंदी जातीतून निवडलं, नावातला गणेश तो गणेशखिंडचा. आमच्या बागेत सरदार पेरू आणि गणेश डाळिंब दोन्ही आहेत आणि मुलांना ती झाडं दाखवताना मला खूप अभिमान वाटतो. ज्या शहराने देशाला पेरू दिला त्या शहरातल्या पोराने झाडावरून तोडून पेरू खाल्लेला नसावा हे मला सहन होत नाही.

फळझाडं लावू नका, लोक चोरतात, दगड मारतात, फांद्या मोडतात, असं आम्हाला सुरुवातीला खूप जणांनी सांगितलं. आमचा अनुभव असा आहे की जिथे फळ कोणाचं हे ठरलेलं नसतं तिथे मोडतोड होते. आम्ही साधे नियम केले. हात पोचेल तिथलं फळ मुलांचं, विचारायची गरज नाही. वरचं फळ रविवारी झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, काढायचं आणि त्या दिवशी जे आहेत त्यांच्यात वाटायचं, थोडं अंगणवाडीला. शेंड्याचं पोपट, बुलबुल आणि वटवाघळांचं, त्यांच्यासाठी जाळी लावायची नाही. झाडं छाटून बुटकी ठेवली की दगड मारायची वेळच येत नाही, हा छाटणीचा अजून एक फायदा. सीताफळाचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांच्या मधल्या फटी पांढरट-पिवळट दिसायला लागल्या की तोडायचं, हे आता वस्तीतल्या सात वर्षांच्या पोरीला पण कळतं आणि कच्चं सीताफळ कोणी तोडायला गेलं की ती आरडाओरडा करते. गुढीपाडव्याला आंब्याचे डहाळे लागतात, त्याच वेळी झाडावर कैऱ्या असतात आणि लोक फांदी ओरबाडून नेतात, त्यावर आम्ही कोपऱ्यातला एक जुना रायवळ आंबा त्यासाठीच राखलाय, आदल्या दिवशी आम्हीच डहाळे कापून गेटवर जुड्या ठेवतो, ज्याला हवी त्याने न्यावी. तेव्हापासून कलमांना कोणी हात लावलेला नाही. कार्तिकात आवळ्याखाली आवळीभोजन होतं, त्याला ज्या बायका डबे घेऊन येतात त्यांच्यातल्याच काही जणी आता पाणी घालायच्या पाळीत आहेत.

आता मुद्द्याचं, म्हणजे कोणी काय करावं.

राज्य सरकारची शेतकऱ्यांसाठी भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे, त्यात अनुदान एकदम मिळत नाही, तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं, आणि पुढच्या हप्त्यासाठी बागायती झाडं ९० टक्के आणि कोरडवाहू ८० टक्के जिवंत असावी लागतात. म्हणजे आपल्या अकोल्या-सोलापूरच्या शेतकऱ्याकडून सरकार तिसऱ्या वर्षापर्यंत झाड जिवंत आहे का ते मोजून घेतं. शहरात मात्र लावलं त्या दिवशीच मोजणी संपते. माझी महापालिकेच्या उद्यान विभागाला विनंती आहे की सामुदायिक फळबागेसाठी जागा देताना आणि कंपन्यांकडून सीएसआरचं, म्हणजे सामाजिक जबाबदारीचं, काम घेताना हीच पद्धत लावावी, तिसऱ्या वर्षीच्या मेमध्ये किती झाडं उभी आहेत त्यावर पुढची परवानगी. चांगलं काम करणाऱ्या ग्रुपना त्याचा त्रास होणार नाही उलट जोर येईल. दुसरी विनंती छाटणीची. मोठी फांदी कापायची तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि ते योग्यच आहे, १९७५ च्या झाडं जपायच्या कायद्याने शहरातली कितीतरी झाडं वाचलीत. पण फळझाडांची छाटणी दरवर्षी ठरलेल्या महिन्यात करावी लागते, तर अशा बागांना वर्षाचा छाटणीचा आराखडा एकदाच मंजूर करून द्यावा आणि त्या दिवशी विभागाचा एखादा जाणकार माणूस हजर राहावा, म्हणजे चुकीची फांदी कापली जाणार नाही आणि आमची मुलं पण शिकतील.

कॉलेजांना माझं कळकळीचं सांगणं आहे. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास सेवा करायची असते. त्यातले तास जुलैतल्या एका मोठ्या कार्यक्रमात घालवण्यापेक्षा दहा-बारा मुलांची एक तुकडी एका बागेला वर्षभर जोडून द्या, महिन्यातून दोन रविवार सकाळी तीन-तीन तास, परीक्षांचे दिवस सोडून. तीच मुलं खड्डा खणतील, तीच पट्टी काढतील, तीच सडके पेरू उचलतील आणि तीच थंडीत पेरू खातील. आमच्याकडे मागच्या थंडीत इंजिनिअरिंगचा एक मुलगा डाळिंबाची छाटणी शिकला, आता तो गावी त्याच्या आजोबांच्या बागेत कात्री चालवतो आणि तिथून फोटो पाठवून काकांना विचारतो की ही फांदी ठेवू का. सोसायट्यांच्या व्हॉट्सऍप ग्रुपवर झाडं वाचवा म्हणून मेसेज फिरवणारी जी मंडळी आहेत त्यांनाही सांगते, तुमच्या भागात बाग असेल तर मार्च ते मे आठवड्यातला एक वार धरा, फक्त एक, आणि त्या दिवशी दहा कॅन पाणी वाहा. बाहेरगावी जाणार असाल तर शेजाऱ्याला पाळी देऊन जा.

आणि संपादक साहेब, आपल्या पेपरकडून एक अपेक्षा आहे. वृक्षारोपणाची बातमी छापताच, छापा, पण त्याच जागेवर पुढच्या मेमध्ये आपला वार्ताहर पाठवा आणि तोच खड्डा परत दाखवा. आणि शहराच्या पानावर आठवड्यातून दोन ओळींची चौकट द्या, या आठवड्यात फळझाडांना काय करायचं त्याची. या आठवड्यात कलमाच्या पट्ट्या काढा, या आठवड्यात बोर छाटा, आता पेरूचं पाणी तोडा. राशिभविष्याला जेवढी जागा देता त्याच्या एक चतुर्थांश पुरेल. मजकूर कृषी महाविद्यालयातले जाणकार आनंदाने देतील असं मला वाटतं, नाहीतर आमचे काका सांगतील आणि मी लिहून पाठवीन.

या रविवारपासून आमच्याकडे मोठ्या झाडांचं आळं बांधायचं काम आहे, सकाळी साडेसहाला. खुरपं आणि टोपी आपापली आणावी, टिकाव-फावडी आणि चहा बागेत आहे.

आपली नियमित वाचक,
वारजे, पुणे